आवडत्या गाण्यातली आपली जागा कशी शोधावी

मैफलीत बसलेला जाणकार श्रोता गायकाला दाद देताना ‘काय जागा घेतली!’ असे म्हणतो. ती जागा म्हणजे सुरावटीतले एखादे नाजूक वळण असते, पुष्कळदा एका श्वासाइतकेही लांब नसलेले. पॉप रॉकविषयी बोलताना हा शब्द आपण सहसा वापरत नाही. मात्र ज्याला असे एखादे गाणे वर्षानुवर्षे सोबत करत आले आहे त्याच्या मनातही अशी एक जागा पक्की असते, आणि तिथे गाणे पोहोचले की त्याच्या हातातले काम क्षणभर थांबते. हे गाणे तुम्हाला इतके का आवडते असे कोणी विचारले तर ‘ऐकून बरे वाटते’ किंवा ‘कॉलेजचे दिवस आठवतात’ यापलीकडे बहुतेकांना काही सांगता येत नाही. याचे कारण असे की आपण उत्तर एकतर संपूर्ण गाण्यात शोधतो किंवा नुसत्या शब्दांत शोधतो. आधी ती एक जागा शोधावी आणि मग शब्द, गाण्याचा इतिहास आणि स्वतःची आठवण यांना एकेक करून तिच्याजवळ आणावे, ही पद्धत मी पुढे सविस्तर सांगणार आहे.

उदाहरण म्हणून बीटल्स या ब्रिटिश बँडचे ‘हे ज्यूड’ (Hey Jude) हे १९६८ सालचे गाणे घेते. एकतर हे गाणे माझ्याजवळ सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे आहे. दुसरे म्हणजे गाण्याचा अर्थ कोणाचा, हा प्रश्न या गाण्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे, त्यामुळे शिकण्यासाठी ते फार उपयोगी पडते. तुमचे गाणे अर्थातच वेगळे असेल.

गाणे निवडताना

जे गाणे आवडते असे सांगायला आपल्याला अभिमान वाटतो ते निवडू नये. भांडी घासताना, जिना उतरताना, बँकेच्या रांगेत उभे असताना जे नकळत ओठांवर येते ते निवडावे. ते फार गाजलेले असले तरी हरकत नाही, आणि जाणकारांना ते सामान्य वाटत असले तरीही हरकत नाही.

निवडलेल्या गाण्याचे एकच ध्वनिमुद्रण धरून चालावे. कार्यक्रमातले मुद्रण, स्टुडिओतले मुद्रण आणि दुसऱ्या कोणी गायलेले रूप यांत ठेका, लांबी आणि वाद्ये बदलतात, आणि पुढच्या सगळ्या कामात नेमक्या सेकंदांना महत्त्व आहे. मी ‘हे ज्यूड’चे मूळ मुद्रण धरते. लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत ३१ जुलै आणि १ ऑगस्ट १९६८ या दोन दिवशी मुख्यतः तयार झालेले हे मुद्रण ७ मिनिटे ११ सेकंदांचे आहे. एका तबकडीवरचे गाणे साधारण तीन मिनिटांत संपावे असा तेव्हा रिवाज होता, त्यामुळे ही लांबी विलक्षणच म्हणायला हवी. पुढे या लांबीकडे आपल्याला परत यायचे आहे.

घड्याळ समोर ठेवून ऐकणे

पहिल्या दिवशी गाणे तीनदाच ऐकावे, त्याहून जास्त नाही. एखादे गाणे सलग वीस वेळा ऐकले की कान बधिर होतो आणि मग आपल्याला गाण्याऐवजी त्याची सवय ऐकू येऊ लागते. हेडफोन लावावे, दुसरे कोणतेही काम हातात घेऊ नये आणि गाण्याचे शब्द समोर उघडून ठेवू नयेत.

पहिल्या वेळी नुसते ऐकावे. दुसऱ्या वेळी कागद आणि सेकंद दाखवणारे घड्याळ समोर घ्यावे, आणि शरीराने काही केले की ती वेळ टिपून ठेवावी. श्वास रोखला गेला, पाय ताल धरू लागला, घशात काही दाटले, डोळे आपोआप मिटले, अशा साध्या नोंदी पुरेत. का, हे या टप्प्यावर लिहू नये. तिसऱ्या वेळी टिपलेल्या प्रत्येक वेळेला गाण्यात नेमके काय घडते तेवढेच लिहावे: कोणते वाद्य आले, कोणते गेले, आवाज चढला की उतरला, गर्दी झाली की जागा मोकळी झाली. संगीताची परिभाषा येत नसेल तर घरातल्या भाषेत लिहावे. ‘इथे कोणीतरी आत आले’ ही नोंदही चांगली नोंद आहे.

‘हे ज्यूड’साठी मी केलेला कागद थोडक्यात असा आहे. सुरुवातीला नुसता आवाज आणि पियानो असतो, आधी एकही सूर न वाजता आवाजच सुरू होतो. दुसऱ्या कडव्यात गिटार आणि खंजिरी येते. सुमारे ५० सेकंदांनी ड्रम येतो, तोवर गाणाऱ्याच्या पाठीशी ठेका असा नसतोच. त्यानंतर मागे इतरांचे आवाज मिसळतात. तीन मिनिटे आणि काही सेकंद होताहोता कडवी संपतात आणि एक आवर्तन सुरू होते, ज्यात ‘ना ना ना’ आणि ज्यूडचे नाव याशिवाय शब्द नाहीत. मोजून पाहिले तर हे आवर्तन सोळा मात्रांचे आहे, त्यात तीनच सूरसमूह (कॉर्ड) आहेत, आणि त्यांतला दुसरा, गाण्याचा मूळ सूर षड्ज धरला तर, कोमल निषादावर उभा आहे. कडव्याच्या चालीत शुद्ध निषाद ऐकलेल्या कानाला तो थोडा सैल, थोडा गावाकडचा वाटतो. हे आवर्तन सुमारे अठरा वेळा फिरते, ३६ वादकांचा वाद्यवृंद त्यात सामील होतो, आणि शेवटी गाणे संपत नाही, हळूहळू दूर जाते.

माझ्या कागदावर पहिल्यांदा दोन खुणा होत्या. एक ५० सेकंदांजवळ, फिकट. दुसरी त्या आवर्तनाच्या तिसऱ्या फेरीपाशी, ठळक. पहिलीच फेरी का नाही, हे मला तेव्हा कळले नव्हते.

त्या जागेशी कोणती आठवण बांधलेली आहे

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे आयुष्यभर जास्त ठसठशीत राहतात असे मानसशास्त्रात मानले जाते, आणि त्याच वयात ऐकलेली गाणी आपल्याला अधिक जवळची वाटतात. म्हणून पहिली आठवण शोधताना त्या वयापासून सुरुवात करावी. मात्र ‘ते दिवस फार सुंदर होते’ असे वाक्य आले की ते खोडावे, कारण त्यात काहीच दिसत नाही. कोणती खोली होती, प्रकाश कुठून येत होता, गाणे कशावर वाजत होते, शेजारी कोण होते आणि त्या आठवड्यात आपल्याला कशाची काळजी होती, एवढ्या प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

माझे उत्तर असे आहे. मी मिरजेहून, मराठी माध्यमातून शिकून १९९६ साली पुण्यात शिकायला आले आणि मुलींच्या वसतिगृहात राहू लागले. वर्गात सगळे इंग्रजीत चालत असे, आणि पहिले दोन महिने मी हजेरीशिवाय तोंड उघडले नव्हते. माझी रूममेट मडगावची होती, तिच्या पलंगाखाली एक गिटार असे. एका संध्याकाळी वीज गेली, मुली मेणबत्त्या घेऊन मधल्या बोळात बसल्या आणि तिने ‘हे ज्यूड’ म्हणायला घेतले. इंग्रजी माध्यमाच्या मुलींना कडवी पाठ होती. मी भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होते, कारण मला त्यातला एक शब्दही नीट कळत नव्हता आणि तो कळत नाही हे कोणाच्या लक्षात येऊ नये असे वाटत होते. मग ते आवर्तन आले. पहिल्या फेरीत मी ऐकले, दुसऱ्या फेरीत ओठ हलवले आणि तिसऱ्या फेरीत मी गात होते.

हे लिहून झाल्यावरच मला तिसऱ्या फेरीपाशी खूण का पडते ते समजले. एवढेच नव्हे, तर ते आवर्तन मला ओळखीचे का वाटले तेही समजले. माझे आजोबा भजनी मंडळात मृदंग वाजवत. अभंग सगळ्यांना पाठ नसतो, कडवी चार-दोन जण म्हणतात, पण शेवटी गजर सुरू झाला की दारातून आत येऊ की नको करत उभा असलेला माणूसही टाळी धरतो. गजराची लय वाढत जाते आणि ‘हे ज्यूड’च्या आवर्तनाची लय तशीच राहते, हा फरक आहेच. तरी ज्याला शब्द येत नाहीत त्याच्यासाठी शेवटी दार उघडे ठेवायचे, ही रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. अनोळखी भाषेतले ते गाणे तिसऱ्या मिनिटानंतर माझ्या घरातल्या सारखे होऊन गेले.

ही आठवण कोणत्याही गाण्याला चालली असती का

या पायरीवर सर्वांत जास्त कष्ट घ्यावेत असे मला वाटते, कारण बहुतेक लोक आठवण सापडली की थांबतात. आठवण आपली असते, पण ती गाण्याचा अर्थ अजून झालेली नसते. त्या संध्याकाळी दुसरे कोणतेही गाणे म्हटले असते तरी हेच वाटले असते का, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर आपल्याला ती संध्याकाळ आवडते, गाणे नाही, आणि तसे प्रामाणिकपणे लिहून दुसरे गाणे घ्यावे. उत्तर ‘नाही’ असेल तर गाण्यातल्या कोणत्या गोष्टीमुळे नाही, ते बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

बोट ठेवण्यासाठी मनातल्या मनात गाण्यातून एकेक गोष्ट काढून पाहावी. मी आवर्तनाची लांबी काढून पाहिली. चार मिनिटांचे ते आवर्तन अर्ध्या मिनिटाचे असते तर मी धीर गोळा करेपर्यंत गाणे संपले असते. धीट माणूस पहिल्या फेरीतच शिरतो. भित्र्या माणसाला फेऱ्या हव्या असतात, आणि हे गाणे अठरा फेऱ्या देते. मग मी शब्दांचा अभाव काढून पाहिला: त्या जागी अर्थपूर्ण इंग्रजी ओळ असती तर मी गप्पच राहिले असते. म्हणजे माझा अर्थ त्या गाण्याच्या बांधणीला धरून आहे, हवेत नाही.

दुसऱ्यांनी गायलेली रूपे ऐकण्याची वेळ आता येते, आधी नाही. अमेरिकन सोल गायक विल्सन पिकेट यांनी १९६८ सालीच अलाबामातल्या मसल शोल्स इथे हे गाणे गायले, आणि ड्वेन ऑलमन यांच्या गिटारने त्याचा उत्तरार्ध पेटवून दिला आहे. ते रूप मला अतिशय आवडते आणि तरीही माझी जागा त्यात सापडत नाही, कारण त्या उत्तरार्धात शिरायला माझ्यासारखी धजावणार नाही. तिथे बसून ऐकावेसे वाटते. अशी तुलना केली की मूळ मुद्रणात आपल्याला नेमके काय हवे होते ते स्वच्छ दिसते.

शब्द: ‘अरे’ की ‘अगं’

आपल्याकडे भावगीतामुळे शब्दप्रधान गायकीची सवय कानांना आहे, त्यामुळे कोणतेही गाणे आवडले की आपण आधी शब्दांकडे धावतो. पॉप रॉकमध्ये ठेका, आवाजाचा पोत आणि पुनरावृत्ती यांचा वाटा शब्दांइतकाच आणि कधी अधिक असतो, म्हणून मी शब्दांची पायरी मुद्दाम मागे ठेवली आहे.

या पायरीवर आधी छापील शब्द न पाहता आपल्याला जे ऐकू येते ते लिहून काढावे. चुकीचे ऐकलेले शब्द फेकून देऊ नयेत, त्यांच्यापुढे खूण करून ते ठेवावेत. मला पहिले काही महिने ज्यूड हे मुलीचे नाव वाटत होते. माझ्या रूममेटला ते नाव ऐकले की संत ज्यूड आठवत, कारण आशा सुटलेल्या कामांसाठी ज्यांची प्रार्थना करायची ते हे संत, आणि तिची आजी त्यांच्यापुढे मेणबत्ती लावत असे. गाण्याचा त्या संतांशी काही संबंध नाही. तरी ती हे गाणे एवढ्या मनापासून का गाते याचे अर्धे उत्तर तिच्या आजीच्या देवघरात होते.

यानंतर संपूर्ण गाणे, स्वतःपुरते, वहीत मराठीत उतरवावे. भाषांतर चांगले होण्याची गरज नाही, आणि ते कोणाला दाखवायचेही नाही. याचा लाभ असा की इंग्रजी ज्या गोष्टी सांगत नाही त्या मराठी आपल्याकडून काढून घेते. इंग्रजीतल्या ‘यू’ला लिंग नाही आणि आदरही नाही. मराठीत पहिल्याच हाकेला ठरवावे लागते: ‘अरे’, ‘अगं’, ‘बाळा’, ‘मित्रा’, की ‘अहो’? समोरचा घाबरला आहे की घाबरली आहे? बोलणारा त्याच्याहून मोठा आहे, बरोबरीचा आहे, की तो आरशात पाहून बोलतो आहे? यांतला कोणताही निर्णय गाणे आपल्यासाठी घेत नाही. आपण जी हाक लिहितो तिच्यावरून आपण हे गाणे कोणाच्या तोंडून आणि कोणासाठी ऐकत आलो आहोत ते उघड होते.

मी १९९८ साली केलेल्या भाषांतरात हाक ‘अगं’ अशी आहे. दुःखी गाणे घे आणि ते चांगले कर, असे सांगणारी ती ओळ मी स्वतःलाच सांगत होते. जगाचा भार खांद्यावर घेऊन हिंडू नकोस, या आशयाची ओळ उतरवताना मी ‘जगाचा’ लिहून खोडले आहे आणि वर ‘वर्गाचा’ लिहिले आहे.

कर्त्याचा हेतू किती धरावा

गाणे लिहिणाऱ्याच्या मनात काय होते ते अवश्य वाचावे, पण सर्वांत शेवटी. आधी वाचले की आपण त्याच चष्म्यातून ऐकतो आणि स्वतःची खूण कागदावर पडतच नाही.

‘हे ज्यूड’चा इतिहास असा. १९६८ साली बीटल्समधले जॉन लेनन आणि त्यांची पत्नी सिंथिया वेगळे झाले. त्यांचा मुलगा ज्यूलियन तेव्हा पाच वर्षांचा होता. बँडमधलेच पॉल मॅकार्टनी, हे गाणे लिहिणारे आणि गाणारे, सिंथिया आणि ज्यूलियन यांना भेटायला इंग्लंडमधल्या वेब्रिजला मोटारीने जात असताना त्यांना या गाण्याची सुरुवात सुचली, मुलाला धीर देण्यासाठी. आरंभी नाव ‘ज्यूल्स’ होते, पुढे गाण्याच्या सोयीने ते ‘ज्यूड’ झाले. गाणे ऐकल्यावर जॉन लेनन यांना ते स्वतःविषयी वाटले, आणि तसे त्यांनी म्हटले तेव्हा मॅकार्टनी यांनी ‘नाही, ते माझ्याविषयी आहे’ असे उत्तर दिले. पुढेही लेनन म्हणत राहिले की आपण हे गाणे नेहमी आपल्यालाच उद्देशून ऐकले. म्हणजे लहान मुलासाठी सुरू झालेले गाणे त्याच्या वडिलांनी आपले मानले आणि लिहिणाऱ्यानेही आपले मानले, तेही लोकांच्या हाती पोहोचण्यापूर्वी.

आणखी एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या सुमारास बीटल्सच्या कंपनीचे लंडनच्या बेकर स्ट्रीटवरचे दुकान बंद झाले होते आणि गाण्याची जाहिरात म्हणून त्याच्या काचेवर त्याचे नाव रंगवण्यात आले. जर्मन भाषेत ‘यूड’ म्हणजे ज्यू, आणि याच अक्षरांनी तो लिहिला जातो. नाझी राजवटीत ज्यूंच्या दुकानांच्या काचांवर हाच शब्द रंगवला जात असे. त्यामुळे ती काच पाहून एका ज्यू गृहस्थांनी संतापून फोन केला. मॅकार्टनी यांना या अर्थाची कल्पनाही नव्हती. त्या गृहस्थांचे चुकले असे मला म्हणवत नाही. ज्याने तशा काचा पाहिल्या किंवा ऐकल्या आहेत त्याला ती अक्षरे दुसरे काय सांगणार?

ही तबकडी अमेरिकेत २६ ऑगस्ट १९६८ रोजी बाहेर आली. त्याच्या आधीच्या आठवड्यात, २० ऑगस्टच्या रात्री, सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले होते. पुढच्या वर्षी तिथल्या गायिका मार्ता कुबिशोव्हा यांनी हे गाणे चेक भाषेत गायले, आणि तिथल्या लोकांच्या मनात ते त्या काळाच्या दुःखाशी आणि त्या गायिकेच्या धैर्याशी जोडले गेले. १९७० साली, आक्रमणानंतर आलेल्या नव्या राजवटीने त्यांच्या गाण्यावर बंदी घातली, ती १९८९ पर्यंत टिकली. प्रागमधल्या श्रोत्याला हे गाणे ऐकताना वेब्रिजचा पाच वर्षांचा मुलगा आठवला पाहिजे, असे कोण म्हणेल?

म्हणून माझे मत असे आहे की कर्त्याचा हेतू ही माहिती म्हणून जाणून घ्यावी, तिला निकाल समजू नये. त्याचबरोबर आपला अर्थ कर्त्याच्या नावावर खपवू नये. ‘हे गाणे वसतिगृहातल्या बुजऱ्या मुलींविषयी आहे’ असे मी म्हटले तर ते खोटे होईल. ‘मला या गाण्यात बुजऱ्या मुलीसाठी दार सापडले’ हे खरे आहे. आपला अर्थ लिहिताना वाक्यात ‘मला’ हा शब्द येतो की नाही ते तपासून पाहावे.

कधीकधी इतिहास आपल्या जागेला धक्का देतो, आणि तो द्यावा. माझ्या बाबतीत तसे २०१७ साली झाले. माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान वेगळे झाले, आणि तिचा सात वर्षांचा मुलगा तिच्याबरोबर सोलापूरला राहू लागला. मी दर दुसऱ्या शनिवारी पुण्याहून बसने तिकडे जात असे. वाटेत एकच विचार असे: मावशी म्हणून या मुलाला मी काय सांगावे? एका शनिवारी इंदापूरच्या पुढे हे गाणे कानात सुरू झाले आणि त्याच्या जन्माची वाचून विसरलेली हकिकत आठवली: गाणाराही तेव्हा अशाच एका मुलाला भेटायला निघाला होता. त्या दिवशी आवर्तनाच्या खूप आधी, ५० सेकंदांपाशी, माझे डोळे भरून आले. ड्रम येईपर्यंत तो माणूस ठेक्याशिवाय, एकटा, वाक्ये जुळवत बोलत असतो. वीस वर्षे मी हे गाणे ज्याला सांगितले जाते त्याच्या जागेवरून ऐकले होते, आणि त्या बसमध्ये मी सांगणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले.

या गाण्यात एक ओळ अशी आहे की तुला हवी असलेली हालचाल तुझ्याच खांद्यावर आहे. मॅकार्टनी यांनी ती तात्पुरती घातली होती आणि नंतर बदलू असे ते म्हणत होते. ती गाण्यातली सर्वांत चांगली ओळ आहे, ती ठेव, असे लेनन यांनी सांगितले आणि ती राहिली. हे मला बसमध्येच आठवले. सोलापूरला पोहोचल्यावर मी तयार केलेली कोणतीही वाक्ये बोलले नाही. आम्ही दोघे संध्याकाळपर्यंत कॅरम खेळलो.

घरी परत आल्यावर मी गाणे पुन्हा मराठीत उतरवले. या वेळी हाक आपोआप ‘बाळा’ अशी आली.

लिहून ठेवणे आणि दुसऱ्याला सांगणे

एवढे झाल्यावर आपला अर्थ एका पानात लिहावा. सुरुवात जागेपासून करावी: किती मिनिटे, किती सेकंद, तिथे काय वाजते. मग आठवण, मग गाण्याच्या बांधणीतली ती गोष्ट जिच्याशिवाय आठवण टिकली नसती, आणि असल्यास इतिहासाचा भाग. प्रेम, आशा, संघर्ष असे मोठे शब्द पहिल्या मसुद्यात आले तर त्यांच्या जागी त्या दिवशी प्रत्यक्ष काय घडले ते लिहावे. लिखाणात दुसऱ्या कोणाचे दुःख येत असेल तर ते पान बाहेर देण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे. मी माझ्या बहिणीला विचारले आहे.

पानावर तारीख घालावी आणि खाली अर्धे पान कोरे सोडावे. जुना अर्थ नव्या अर्थामुळे खोटा ठरत नाही, म्हणून तो खोडू नये. माझ्या वहीत १९९८ आणि २०१७ ही दोन्ही पाने शेजारी शेजारी चिकटवलेली आहेत.

काही गाणी उघडली की जखमही उघडते. एखाद्याच्या जाण्याशी बांधलेले गाणे असेल आणि दुसऱ्या ऐकण्याला श्वास जड होऊ लागला, तर तिथेच थांबावे, गाणे बंद करावे आणि काही महिन्यांनी पाहावे. हे काम वेळेत पूर्ण करण्याची कोणतीही सक्ती नाही.

दुसऱ्याला सांगताना आधी गाणे पूर्ण ऐकवावे आणि ते वाजत असताना बोलू नये. ‘आता ऐक हं, आता येईल’ असे म्हटले की समोरच्याला आपलीच जागा ऐकू येते आणि त्याची स्वतःची हरवते. तसेच दुसऱ्याचे आवडते गाणे ऐकताना त्याला ‘हे तुला का आवडते’ असे विचारण्याऐवजी ‘कुठे आवडते’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर लहान मुलेही देतात.

माझा भाचा आता मोठा झाला आहे आणि त्याची गाणी मला अनोळखी असतात. गेल्या दिवाळीत त्याने त्याचे एक गाणे मला ऐकवले. मी त्याला कुठे, एवढेच विचारले. त्याने गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले, माझ्या शेजारी जमिनीवर बसला, आणि बराच वेळ हलला नाही. मग एका ठिकाणी, जिथे सगळी वाद्ये थांबून फक्त श्वास घेतल्याचा आवाज येतो, त्याने एक बोट वर केले. मी घड्याळात पाहिले आणि वहीत लिहिले: २ मिनिटे ४ सेकंद.